शिट्टी वाजण्याआधीचे दहा सेकंद

वाचकांचे प्रश्न : खेळ आणि मन

पाऊस ओसरला, मैदाने वाळू लागली, शालेय स्पर्धांचे वेळापत्रक लागले की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. गुडघे आणि आहार यांबद्दल विचारणारे वाचक मनाबद्दल विचारू लागतात. यावेळच्या पत्रांत 'मन घट्ट कसे करावे' हे शब्द इतक्यांदा आले की आधी त्याबद्दलच लिहितो. 'मन घट्ट कर' असे सांगितलेल्या मुलाने नेमके काय करायचे, ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नसते. 'सहा मोजेपर्यंत श्वास सोड', 'चार पावले मागे जा', 'जाळीच्या त्या गाठीकडे बघ' हे मात्र करता येते आणि रोज घोटून पक्के करता येते. खालची उत्तरे त्याच जातीची आहेत.

प्रश्न : मी सोळा वर्षांचा असून शाळेच्या फुटबॉल संघात आहे. सरावात दहांपैकी नऊ पेनल्टी जाळ्यात जातात. गेल्या दोन सामन्यांत मात्र दोन्ही हुकल्या, एक बाहेर गेली आणि एक सरळ गोलरक्षकाच्या हातात. सर म्हणतात, फार विचार करतोस. विचार बंद कसा करू? (केपे)

उत्तर : विचार बंद करायच्या मागे लागू नकोस, तो तसा बंद होत नाही. आधी तुझ्या सरावाकडे बघू. तू एकामागोमाग दहा पेनल्टी मारतोस. पहिली थोडी बाहेर गेली तर दुसरीला पाय आपोआप दुरुस्ती करतो. सामन्यात दुसरी नसतेच. शिवाय तेव्हा पाय दमलेले असतात, मध्यरेषेपासून एकट्याने चालत यावे लागते आणि सगळे तुझ्याकडे बघत असतात. यातल्या एकाही गोष्टीचा सराव तू केलेला नाहीस.

दडपणाखाली दोन गोष्टी बिघडतात. शेकडो वेळा मारलेली किक आपोआप होत असते. भीती वाटली की आपण तिच्यावर पहारा ठेवू लागतो, घोटा किती वळला, टाच कुठे आहे. जिना उतरताना प्रत्येक पायरीला पाय कसा पडतो हे बघत उतरलो तर जसे अडखळायला होते, तसेच इथे होते. दुसरी गोष्ट घाई. नॉर्वेचे संशोधक गेअर योर्डेट यांनी मोठ्या स्पर्धांतल्या शूटआऊटच्या (बरोबरी सुटावी म्हणून मारायच्या पेनल्टींच्या) चित्रफिती तपासल्या, तेव्हा शिट्टी वाजताच धावत सुटणारे खेळाडू थोडा वेळ घेणाऱ्यांपेक्षा जास्त हुकलेले दिसले. नको असलेला क्षण लवकर संपवून टाकावा, अशी ती धडपड असते.

म्हणून एक ठरलेला क्रम लाव आणि तो रोज तसाच कर. चेंडू हातात घेतानाच कोपरा ठरलेला असू दे. चेंडू स्वतः ठेव, हवा भरायचे भोक दर वेळी एकाच बाजूला. मागे चार पावले आणि बाजूला एक, मोजून. थांब. नाकाने चार मोजेपर्यंत श्वास आत घे, तोंडाने सहा मोजेपर्यंत सोड. ठरलेल्या कोपऱ्यातल्या जाळीच्या एका गाठीकडे साधारण एक सेकंद बघ, मग नजर चेंडूवर आण आणि पाय लागेपर्यंत तिथेच ठेव. शिट्टी वाजल्यावर एक श्वास सोडून मग धाव. शिट्टीच्या ठोक्याला धावलेच पाहिजे असा नियम नाही, फक्त उगाच रेंगाळू नये. थांबल्यापासून शिट्टीपर्यंत एवढ्याला दहा-बारा सेकंद लागतात. क्रम याहून लांबवलास तर मधल्या फटींत शंका शिरायला जागा होते.

गोलरक्षक हातवारे करील. चेंडू ठेवून झाला की मागे जाताना त्याच्याकडे पाठ कर. खांबांना हात लावणे, मुद्दाम वेळ काढणे हे 2023 पासून फुटबॉलच्या नियम 14 मध्ये स्पष्टपणे मना आहे. ते पंच बघतील. शेवटच्या दोन पावलांत कोपरा मात्र कधीच बदलू नकोस. तोवर चेंडूशेजारी टेकायचा पाय जुन्या कोपऱ्याच्या दिशेने पडत असतो, त्यामुळे चेंडू ना इकडे जातो ना तिकडे, मधोमध जातो. तुझी दुसरी पेनल्टी गोलरक्षकाच्या हातात कशी गेली, ते यावरून ताडून बघ.

आता सराव. दहा मारणे सोड. रोजचा सराव संपताना तीन जोरदार धावा काढ, मध्यरेषेवर जा, तिथून पेनल्टीच्या खुणेपर्यंतचे चाळीसेक मीटर चालत ये आणि एकच पेनल्टी मार. एकच. हुकली तरी त्या दिवशी दुसरी नाही. सोबत्यांना ओरडायला सांग. वहीत आधी लिही की क्रम पूर्ण झाला का, हो की नाही, आणि मग गोल झाला की नाही. तीन आठवड्यांत पंधरा-सोळा पेनल्टी होतील आणि त्यातली प्रत्येक सामन्यातल्यासारखी असेल. एक हुकली म्हणून क्रम बदलू नकोस, इथेच बहुतेक जण घसरतात. सरांनाही हे पत्र दाखव. 'गोलरक्षकाकडे मारू नको' असे ओरडले की मारणाऱ्याची नजर नेमकी गोलरक्षकाकडे जाते. ओरडायचेच असेल तर 'गाठ बघ' म्हणावे.

प्रश्न : आमची मुलगी बारा वर्षांची, शंभर मीटर फ्रीस्टाईल पोहते. सराव उत्तम असतो. पण पणजीला कांपालच्या तलावावर स्पर्धा असली की सकाळी पोटात कळ येते, दोनदा उलटीही झाली. 'घाबरू नकोस' सांगून आम्ही थकलो. (फोंडा)

उत्तर : 'घाबरू नकोस' ऐकल्यावर तिला दोन ओझी होतात, एक शर्यतीचे आणि दुसरे आपण घाबरलो हे लपवायचे. त्याऐवजी एखाद्या साध्या दिवशी, स्पर्धा जवळ नसताना, पोटात काय होते ते तिला समजावून सांगा. शरीर धावपळीच्या तयारीला लागले की रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळते आणि पोटाचे काम मंदावते. म्हणून ढवळते, तोंड सुकते, हात गार पडतात, सारखी लघवीला लागते. हे कळलेले मूल 'मला काहीतरी झालंय' ऐवजी 'शरीर तयार होतंय' म्हणू शकते, आणि या वयाला हा फरक फार मोठा असतो.

पोटाचे काम मंद असताना त्यात काय गेले हेही महत्त्वाचे. साडेनऊची शर्यत असेल तर साडेसहाला खाणे उरकावे: पेज, इडली किंवा केळे. भजी, पुरी, पेलाभर दूध हे त्या दिवशी नको. पुढे घोट घोट पाणी आणि लागलेच तर अर्धे केळे. रिकाम्या पोटी नेले तरीही उलटी होते, कारण आम्ल वर येते.

श्वासाचा व्यायाम चार-सहाचाच. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, असे दहा वेळा केले की जेमतेम पावणेदोन मिनिटे होतात. तो आजपासून रोज रात्री अंथरुणावर करून घ्या, निदान दोन आठवडे. स्पर्धेच्या सकाळी पहिल्यांदाच करायला लावला तर काही उपयोग होत नाही. उलट 'हेही मला जमत नाही' अशी भर पडते. 'खोल श्वास घे' एवढेच सांगितले तर मुले भराभर मोठे श्वास घेतात, मग डोके हलके होते, बोटांना मुंग्या येतात आणि भीती वाढते. भर श्वास सोडण्यावर हवा.

फोंड्याहून पणजीपर्यंतच्या वाटेवर वेळ, क्रमांक आणि शेजारच्या लेनमधली मुलगी हे तीन विषय गाडीत काढू नका. क्रमांक तिच्या हातात नसतो, बाजूची किती वेगाने पोहते यावर तो ठरतो. तिच्या हातात असलेल्या दोन गोष्टी तिलाच निवडू द्या. उदाहरणार्थ, उडीनंतर पाण्याखाली पाच डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून मारायच्या) आणि वळणाआधीच्या शेवटच्या दोन हातांत श्वास न घेणे. शर्यतीनंतर आधी टॉवेल आणि पाणी द्या, मग या दोन गोष्टींबद्दल विचारा. वॉर्मअप आणि शर्यत यांच्यात तास-दीड तास गेला तर ओल्या कपड्यांत बसवू नका. अंग गार पडले की मुलांना ती थरथर भीतीचीच वाटते.

आणखी एक, आणि हे टाळू नका. भीती शर्यतीची आहे की कोणा माणसाची, हे तिला शांतपणे, एकटीला विचारा. कोणाचे ओरडणे, मारणे, नकोसा स्पर्श असे काही निघाले तर वरचे सगळे बाजूला ठेवून आधी तेच बघायचे. आणि पोटदुखी साध्या दिवसांतही होत असेल किंवा वजन उतरत असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

प्रश्न : स्पर्धेच्या आदल्या रात्री झोपच लागत नाही. (म्हापसा)

उत्तर : बहुतेक खेळाडूंना लागत नाही आणि एका रात्रीने खेळ फारसा बिघडत नाही. बिघडतो तो 'झोप नाही, आता संपलं' या हिशेबाने. आठवडाभराची झोप सांभाळा, विशेषतः स्पर्धेच्या दोन रात्री आधीची. रोज अकराला झोपत असाल तर स्पर्धेसाठी म्हणून नऊला पडू नका, दोन तास तळमळत जातील. बॅग संध्याकाळीच भरा, घड्याळ पाठीमागे ठेवा. अर्धा तास जागे राहिलात तर उठून मंद दिव्यात बसा आणि झोप आली की परत या.

प्रश्न : मी लांब उडी मारते. जूनपासून आमच्या मैदानावरचा खड्डा पाण्याने भरलेला असतो. ताई सांगतात, डोळे मिटून सराव कर. मी रोज विजयमंचावर उभी असलेली मला बघते, पण फरक पडत नाही. (पेडणे)

उत्तर : विजयमंच पाहिल्याने उडी वाढत नाही. तो बघायला छान वाटतो, पण त्यात पाय, फळी, हात यांपैकी काहीच नसते. मनातल्या सरावाचा उपयोग होतो तो प्रत्यक्ष कृतीच्या जितके जवळ जाऊ तितका. क्रीडा-मानसशास्त्रात 2001 मध्ये यासाठी एक आराखडा मांडला गेला. त्याचा गाभा इतकाच की शरीराची स्थिती, जागा, वेग आणि भावना शक्य तितक्या खऱ्या ठेवायच्या.

तुझ्यासाठी ते असे. पलंगावर पडून करू नकोस. उडीचे बूट घाल (स्पाइक नको, घरची फरशी खराब होईल) आणि धाव सुरू करताना उभी राहतेस तशीच उभी राहा. जागा खरी आठव: बांबोळीच्या ट्रॅकवर खेळायचे असेल तर तिथला लाल रंग, उन्हात तापलेल्या पृष्ठभागाचा वास, वाऱ्याची बाजू. नजर स्वतःच्या डोळ्यांतून, गॅलरीतून नव्हे. पावले मोज, शेवटची दोन जाणवू दे, फळीवर पाय पडल्याचा आवाज ऐक, वाळूत टाच रुतेपर्यंत चित्र सोडू नकोस. पाच उड्या, प्रत्येकीनंतर अर्धा मिनिट थांबून. आठवड्यातून चार दिवस, आठ-दहा मिनिटे पुरेत. त्यापुढे चित्र पुसट होते आणि पुसट चित्राचा सराव नको.

चित्र खरे आहे का, याची एक सोपी कसोटी आहे. जुन्या चित्रफितीवरून धाव सुरू होण्यापासून वाळूत पडण्यापर्यंत किती सेकंद लागतात ते मोज. मग स्टॉपवॉच हातात धरून मनात उडी मार. खऱ्याहून एक सेकंदभर आधीच संपली तर मधला भाग तू गाळतेस, आणि बहुधा शेवटची पावलेच गाळली जातात. फार लांबली तर तू उडीचे वर्णन करते आहेस.

पाचांपैकी एक उडी मुद्दाम बिघडव. पाय फळीच्या पुढे पडला, लाल झेंडा वर गेला. मग पुढे काय? धावेच्या खुणेपाशी चालत परत ये, खूण एक टीचभर मागे घे, श्वास, पुन्हा धाव. फाऊलनंतर काय करायचे हे आधीच केलेले असले की त्या दिवशी गोंधळ होत नाही. आणि याने जोर आणि वेग वाढत नाही. पावसाळ्यात शाळेच्या व्हरांड्यात जोरबैठका, उड्या, छोट्या धावा चालूच ठेव.

प्रश्न : पुतण्या पंधरा वर्षांचा, 10 मीटर एअर पिस्तूल मारतो. हात थरथरतो म्हणून ओळखीच्या एकाने प्रोप्रॅनोलॉलची अर्धी गोळी सुचवली आहे. देऊ का? (वास्को)

उत्तर : देऊ नका. ही गोळी बीटा-ब्लॉकर गटातली आहे आणि नेमबाजी व तिरंदाजी यांत हा गट स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही निषिद्ध आहे. चाचणीत सापडल्यास मुलावर बंदी येऊ शकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या गोळीने नाडी मंद होते, रक्तदाब उतरतो, आणि दमा असलेल्याला ती धोक्याची ठरू शकते. थरथरीची साधी कारणे आधी बघा: सकाळचा चहा-कॉफी, न्याहारीला उशीर, पिस्तूल फार वेळ धरून ठेवणे. नेम धरल्यावर आठ-दहा सेकंदांत छर्रा सुटला नाही तर हात खाली घ्यायचा, हा नियम त्याने सरावात कडकपणे पाळावा. नेम धरून रेंगाळण्याची सवयच पुष्कळदा थरथर वाढवते.

प्रश्न : गुडघ्याच्या एसीएलची (सांध्याला आतून धरून ठेवणाऱ्या बंधाची) शस्त्रक्रिया होऊन सात महिने झाले. डॉक्टर म्हणतात प्रगती चांगली आहे. पण समोरून कोणी टॅकलला, म्हणजे चेंडू हिसकावायला, आला की पाय आपोआप मागे येतो. मी घाबरट झालोय का? (डिचोली)

उत्तर : नाही. ज्या क्षणी गुडघा गेला, तो क्षण शरीराने नोंदवून ठेवला आहे आणि ते आपले काम करते आहे. शिवाय सात महिने हे लवकर आहे. नऊ महिन्यांच्या आत सामन्यात परतणाऱ्यांत गुडघा पुन्हा जाण्याचे प्रमाण जास्त आढळते. ताकदीच्या आणि एका पायावर उडी मारायच्या चाचण्यांत शस्त्रक्रियेचा पाय दुसऱ्याच्या निदान नव्वद टक्के भरतो का, हे फिजिओकडून मोजून घ्या. तो आकडा कमी असेल तर भीती खरेच सांगते आहे, आणि तिथे उपाय व्यायामशाळेत आहे.

आकडा बरा असेल तर शिडी करा. कागदावर आठ-दहा पायऱ्या लिहा आणि प्रत्येकीपुढे भीतीला शून्य ते दहा गुण द्या. सरळ धाव. शंकूपाशी ठरलेले वळण. सोबती हात दाखवील त्या बाजूला, आधी न सांगता वळण. चेंडूसह तेच. उभ्या सोबत्याशी खांद्याला खांदा. चालत येणाऱ्याचे टॅकल, मग धावत येणाऱ्याचे. एकास एक. पाचास पाच. तीन-चार गुण मिळालेल्या पायरीपासून सुरुवात करा. भीती एक-दोनवर येईपर्यंत ती करत राहा आणि वेगवेगळ्या तीन दिवशी ती तितकीच खाली राहिली की वरची पायरी घ्या. एकदा जमले की उडी मारून वर जाणे, ही सगळ्यांत नेहमीची चूक. दुसरी म्हणजे भीती आठ झाली की तिथेच सोडून घरी जाणे. तसे केले तर शरीर 'सुटलो' एवढेच शिकते. त्यापेक्षा एक पायरी खाली उतरा, ती नीट करा आणि मग निघा. ओले गवत ही वेगळी पायरी धरा. कोरड्यावर आलेला विश्वास ओल्यावर आपोआप येत नाही.

अर्ध्या मनाने पूर्ण सामन्यात उतरू नका. कचरणारा खेळाडू गुडघा ताठ ठेवून उतरतो आणि ताठ गुडघ्यालाच इजा जास्त होते. मधल्या काळात संघाच्या सरावाला जात राहा, काहीतरी काम हाती घेऊन: कोणाचे किती पास चुकले ते लिहिणे, वॉर्मअप घेणे. घरी बसलेल्याची भीती एकांतात वाढते.

प्रश्न : 2025 मध्ये गोव्यात बुद्धिबळाचा विश्वचषक झाल्यापासून मुलगा स्पर्धा खेळू लागला. एक मोहरे हकनाक गेले की पुढच्या पाच चाली हातघाईवर येतो. (मडगाव)

उत्तर : चूक झाल्यावर लगेच काही करून भरून काढावे, ही ओढ हातात असते, म्हणून आधी हात बांधायचे. दोन्ही हात मांडीखाली, एक मिनिट. मग प्रतिस्पर्ध्याच्या चालीवर उठून पाणी पिऊन यावे. परत आल्यावर पट कोणीतरी आताच मांडून दिलेले कोडे आहे असे धरून तीन गोष्टी बघाव्यात: त्याचा धोका काय, माझे कोणते मोहरे निकामी आहे, घड्याळात किती उरले. घरी सरावासाठी मुद्दाम एक घोडा कमी ठेवून डाव खेळवा. त्यात उद्दिष्ट जिंकण्याचे ठेवू नका, चाळीस चाली टिकण्याचे ठेवा.

प्रश्न : वय 44. मिरामारच्या आयर्नमॅन 70.3 या पोहणे-सायकल-धावणे शर्यतीसाठी तयारी चालू आहे. तलावात दोन किलोमीटर सहज पोहतो, पण समुद्रात पहिल्या दोनशे मीटरांतच श्वास कोंडतो. (पर्वरी)

उत्तर : 1.9 किलोमीटरच्या पोहण्यात पहिली दोनशे मीटरच बहुतेकांना छळतात. आपले पाणी गार नसते, त्यामुळे कारण गारठ्याचे नाही. गर्दीत माणूस ठरवल्यापेक्षा वेगात सुटतो, लाटेच्या भीतीने पाण्याखाली श्वास धरून ठेवतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि छाती हवा मागू लागते. त्यात तळ दिसत नाही. हवा कमी पडते आहे असे वाटते, पण खरे म्हणजे आतली बाहेर गेलेली नसते.

म्हणून तोंड पाण्यात असताना सतत बुडबुडे सोडायचे, हे तलावातच पक्के करा. सुरुवातीला गर्दीच्या मागे, कडेला उभे राहा. पहिले शंभर हात मोजून, हळू. दर आठ-दहा हातांनी डोके उचलून बोया (मार्ग दाखवणारी तरंगती खूण) बघा. आणि एक क्रिया मुद्दाम शिका: पाठीवर वळून दहा लांब श्वास, मग दहा हात ब्रेस्टस्ट्रोक, मग पुन्हा फ्रीस्टाईल. हे प्रत्येक सरावात, काही त्रास नसतानाही तीनदा करा. मग शर्यतीत ते करावे लागले तर हार वाटणार नाही. मदतीची छोटी होडी (कयाक) धरून थांबायलाही नियमाची मुभा आहे, फक्त त्याच्या आधाराने पुढे सरकायचे नाही.

समुद्रातला सराव पाऊस पूर्ण सरल्यावरच, जीवरक्षक असतील तिथे, सोबत घेऊन आणि कंबरेला रंगीत बोया बांधून करा. छातीत दुखले किंवा खोकताना फेस अथवा लालसर थुंकी आली तर ते मनाचे नाही. हात वर करून पाण्याबाहेर या. या वयात शर्यतीआधी हृदयाची तपासणी करून घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मुलगा सतरा वर्षांचा, चांगला क्रिकेट खेळतो. निवड हुकल्यापासून सहा आठवडे झोपत नाही, नीट जेवत नाही, मित्रांना टाळतो. 'माझा कोणाला उपयोग नाही' म्हणतो. त्याला प्रेरणा कशी द्यावी? (कुडचडे)

उत्तर : प्रेरणेची भाषा आत्ता बाजूला ठेवा. दोन आठवड्यांहून अधिक काळ असे चालले असेल तर डॉक्टरांना दाखवायला हवे, आणि तुमच्याकडे सहा झाले आहेत. त्याला सरळ विचारा, 'जगू नये असं वाटतं का?' विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आले तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी न्या. बांबोळीच्या मनोविकार आणि मानवी वर्तन संस्थेत उपचार होतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते, तुम्ही स्वतःही बोलू शकता. त्याची बॅट, बूट उचलून ठेवू नका आणि खेळायचा आग्रहही धरू नका. क्रिकेटबद्दलचा कोणताही निर्णय तो बरा होईपर्यंत घ्यायचा नाही.

प्रश्न : मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक. खो-खो आणि फुटबॉलची मिळून पंचवीस मुले. मोठ्या संघांकडे तज्ज्ञ असतात, आमच्याकडे तासातली दहा मिनिटे आहेत. (वाळपई)

उत्तर : खरे आहे. पॅरिस 2024 मध्ये कांस्य जिंकलेल्या भारतीय हॉकी संघासोबत पॅडी अप्टन यांच्यासारखे मानसिक प्रशिक्षक होते. पण तुमची दहा मिनिटे रोजची आहेत, हे फार मोठे भांडवल आहे. ती वेगळी काढू नका, सरावात मिसळा. पहिली दोन मिनिटे चार-सहाचा श्वास, उभ्यानेच. मधली पाच मिनिटे दडपणाचा खेळ: खो-खोत शेवटचा गडी बाद करायला वीस सेकंद, बाकीचे मोठ्याने उलटे मोजणार. हरलेल्या बाजूला शिक्षा म्हणून पळवू नका. शिक्षा लावली की मुले जोखीम घेणे बंद करतात. शेवटची तीन मिनिटे वही: आज काय जमले याची एक ओळ, उद्या काय करायचे याची एक.

तिसऱ्या आठवड्यापासून प्रत्येकाला एक शब्द निवडू द्या, कृतीच्या आधी मनात म्हणायचा. नेमकेपणाच्या कामाला कृती सांगणारा शब्द चांगला, जसे 'नजर' किंवा 'खाली'. धावण्याला आणि जोराला उभारी देणारा. तो शब्द मूल मनात ज्या भाषेत बोलते त्याच भाषेतला हवा. तुमच्या मुलांपैकी कित्येक घरी कोकणी बोलतात. त्यांना 'सावकाश'पेक्षा 'सवकास' आणि 'पुढे'पेक्षा 'फुडें' लवकर लागू पडते. तुम्ही शब्द वाटू नका, आणि एका मुलाला दोन शब्द देऊ नका. 'चुकू नको' अशा नकाराने सुरू होणाऱ्या सूचना तुमच्या तोंडी किती येतात, ते एका मुलाला दोन दिवस रेघा ओढून मोजायला सांगा.

पावसाने मैदान बंद असेल त्या दिवशी हीच दहा मिनिटे वर्गात घ्या. बाके भिंतीला सरकवली की खो-खोची बसण्याउठण्याची जागा होते, आणि उलटे मोजणे तर बंद खोलीत जास्तच घुमते.